पाटी, खुरपे आणि पालक

पुणे-नाशिक हमरस्त्याने नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले असता वाटेत पिंपळवंडी लागते, आणि या पंचक्रोशीत प्राथमिक शाळेच्या आवारात मुलांकडून भाजीपाला लावून घ्यावा असे कोणी सुचविले, तर ऐकणाऱ्याला ती सूचना कोळ्याच्या पोराला पोहायला शिकविण्याइतकी अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावच्या शिवाराचे रूप पालटून टाकले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आणि ओतूर-आळेफाट्याच्या बाजारांत कांद्याची जी उलाढाल चालते तिचे बरेवाईट परिणाम घरोघर भोगले जातात. आणि ज्या घरात रात्रीच्या जेवणाबरोबर बाजारभावाची चर्चा चालते त्या घरातले आठ वर्षांचे मूल ठिबकची नळी कोठे फुटली आहे हे मोठ्यांच्या आधी दाखवून देते. अशा मुलाला शाळेने माती दाखवायची ती कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे, आणि शालेय बागेचा पुरस्कार करणाऱ्याने आधी त्याचेच उत्तर दिले पाहिजे.

महानगरात हा प्रश्न उद्भवत नाही. अमेरिकेतील बर्कली शहरी ॲलिस वॉटर्स या उपाहारगृह चालविणाऱ्या बाईंनी १९९५ साली एका शाळेच्या पडीक, डांबरी आवारात भाजीपाल्याची बाग उभारण्याचा उपक्रम आरंभिला आणि त्याचे अनुकरण पुढे पुष्कळ ठिकाणी झाले. भाजी दुकानातून येते एवढेच ज्यांना ठाऊक आहे अशा मुलांना ती जमिनीतून येते हे दाखविणे, हे त्या प्रकारच्या बागांचे उघड प्रयोजन होय. ते प्रयोजन पिंपळवंडीत उसने आणून भागणार नाही.

येथील पालकाचा आक्षेप निराळा आणि अधिक खोल आहे. “पोराच्या हातातले खुरपे सुटावे म्हणून आम्ही त्याला शाळेत घालतो, आणि तुम्ही गुरुजी तेच खुरपे पुन्हा त्याच्या हाती देता?” हे वाक्य अशाच शब्दांत नाही तरी याच अर्थाने खेड्यापाड्यांतील पालकसभांत वारंवार ऐकू येते. अडाणीपणाचे बोलणे म्हणून ते झटकून टाकणारे विद्वान पुष्कळ झाले. पण १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली, झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम सिद्ध केला, सूतकताईबरोबर शेती व बागकाम यांना मूलोद्योगाचे स्थान मिळाले, आणि एवढे सर्व होऊनही ती योजना स्वातंत्र्योत्तर काळात हळूहळू मंदावत जाऊन अनेक शाळांच्या फलकांवर ‘जीवन शिक्षण’ हे नाव तेवढे शिल्लक राहिले, त्याच्या मुळाशी हाच आक्षेप होता. शहरातल्या मुलाला पुस्तक आणि खेड्यातल्या मुलाला टकळी-कुदळ, अशी वाटणी होत असल्याचा संशय गरिबांच्या मनात आला, आणि तो सर्वस्वी निराधार होता असे मला म्हणवत नाही.

मात्र या वादाचा निवाडा वर्ध्याच्या परिषदेच्याही पंचावन्न वर्षे आधी एका माणसाने करून ठेवला होता. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात रयतेने भरलेल्या साऱ्यातून वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाचा खर्च भागविला जातो व रयतेची मुले मात्र निरक्षर राहतात, अशी स्पष्ट तक्रार होती. आणि प्राथमिक शाळांत काय शिकवावे याचा तपशील देताना मोडी व बालबोध लिपींतील वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्या पंक्तीला त्यांनी शेतीचे प्राथमिक ज्ञान तसेच नीती व आरोग्य यांचे थोडे धडे आणून बसविले. या यादीतला क्रम आणि समावेश दोन्ही लक्षात घेण्यासारखे आहेत. शेती तीत आहे, पण ती व्याकरणाच्या ऐवजी आलेली नाही. हिशेब आणि इतिहास यांच्या सोबतीने, त्यांच्या बरोबरीच्या मानाने आलेली आहे. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या आणि ज्यांच्या सत्यशोधक विचारांना जुन्नर-ओतूर भागातून खंबीर अनुयायी लाभले अशा या पुरुषाला कुणब्याच्या पोराने कुणबीच राहावे असे वाटत होते, असा आरोप कोणी करणार नाही. शेतीचे ज्ञान हे ज्ञान म्हणून शिकवा, म्हणजे तपासून, मोजून, लिहून शिकवा, ही त्यांची मागणी होती. आणि शालेय बागेचे प्रयोजन पिंपळवंडीत जर काही असेल तर ते हेच.

घरच्या शेतात मूल काम करते, पण थांबून पाहण्याची मुभा त्याला तेथे नसते. रोप का पिवळे पडले हे विचारायच्या आत त्यावर फवारणी होऊन जाते, कारण बाजाराची गाडी भरायची असते आणि कर्जाचा हप्ता भरायचा असतो. शाळेच्या वाफ्यात मात्र पीक हातचे गेले तरी कोणाचे घर बसत नाही, आणि म्हणून तेथे प्रश्नाला वेळ देता येतो. चूक करून पाहण्याची चैन शेतकऱ्याच्या मुलाला परवडावी अशी एकच जमीन गावात असते, ती शाळेची.

याचे एक साधे उदाहरण पाहावे. दोन शेजारशेजारच्या वाफ्यांत एकाच दिवशी एकीकडे मेथी व दुसरीकडे कोथिंबीर पेरावी. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती फोडून वर येते आणि त्या वाफ्याचे मालक असलेली मुले दिमाखाने मिरवू लागतात. कोथिंबिरीच्या वाफ्यावर मात्र आठवडा उलटला तरी काही हालचाल नसते, आणि मग कोणी तरी अधीर मूल सर्वांची नजर चुकवून बोटाने माती उकरून धणे जागेवर आहेत की नाहीत हे पाहून येते. त्याला रागे भरू नये. तो उकरलेला धणा तळहातावर घेऊन भोवती मुले गोळा करावीत आणि दाखवावे, की ज्याला आपण बी म्हणतो ते फळ आहे, त्यात दोन बिया जोडीने बसलेल्या आहेत, म्हणून जाणती माणसे धणे पेरण्यापूर्वी चपलेखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करतात व रात्रभर भिजत घालतात. आणि हे केले तरी उगवण व्हायला आठ ते बारा दिवस लागतातच. मग अर्धा वाफा रगडलेल्या धण्यांचा व अर्धा न रगडलेल्यांचा पेरून रोज उगवलेली रोपे मोजावीत आणि तो आकडा फळ्यावर लिहावा. प्रयोग, तुलना आणि नोंद या तिन्हींचा संस्कार पाच रुपयांच्या धण्यांत होतो. धणे रगडण्याची रीत घरी आजी दरवर्षी करते. ती का करते हे मात्र मुलाला शाळेच्या वाफ्यात कळते, आणि कळल्यावर आजीविषयीचा त्याचा आदर दुणावतो, हा फायदा वेगळाच.

दुसरे उदाहरण वेलींचे. कुंपणावर लाल भोपळा आणि दोडका हे दोन वेल चढविले, तर मुले शाळेत येतात तेव्हा भोपळ्याची पहाटे उमललेली मोठी पिवळी फुले मिटायच्या बेतात असतात, आणि दोडक्याचे फूल दिवसभर कळीतच राहून सायंकाळी, शाळा सुटण्याच्या सुमारास उमलू लागते. एका फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो व दुसऱ्याच्या बुडाशी नुसता देठ असतो, हे एकदा दाखवून दिले, की नरफूल-मादीफूल हा प्रकार पुस्तकातील आकृतीवाचून समजतो. सकाळच्या फुलावर मधमाश्या येतात, मग संध्याकाळच्या फुलावर कोण येत असेल, असा प्रश्न कोणत्याही चौकस मुलाच्या मनात उभा राहील; तो त्याच्या मनात दोन दिवस राहू द्यावा, उत्तर सांगण्याची घाई गुरुजींनी करू नये.

आता पालकांविषयी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालकांतून असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. हुकूम उत्तम आहे. पण व्यवहारात पुष्कळ ठिकाणी या समितीची बैठक म्हणजे इतिवृत्ताच्या वहीवर सह्या घेण्याचा शिरस्ता होऊन बसतो, कारण बैठकीपुढे येणारे विषय, अनुदान, बांधकाम, गणवेश, निरनिराळी परिपत्रके, हे सर्व गुरुजींच्या दप्तरातले असतात आणि डोक्यावर पदर घेऊन मागच्या ओळीत बसलेल्या माउलीला त्यांवर बोलण्याचा धीर होत नाही. बाग हा एकच विषय असा आहे की ज्यात तिला गुरुजींपेक्षा अधिक समजते. वांग्याची रोपे गादीवाफ्यावर किती दाट टाकायची, भाद्रपदातल्या उन्हात नव्या रोपांना सावली कशाची करायची, बियाण्यासाठी राखलेला दोडका वेलीवर कोठवर वाळू द्यायचा, राखेत घोळलेले बी डब्यात कसे ठेवायचे, हे ती सांगू लागली आणि मुले ते वहीत उतरवून घेऊ लागली, की शाळेतील तिचे स्थान एका दिवसात बदलते. ज्या आळे गावी ज्ञानदेवांनी वेद वदविलेल्या रेड्याची समाधी दाखवितात, ते येथून फार दूर नाही. तेव्हा विद्या कोणाच्या मुखातून प्रकट व्हावी याविषयी सोवळेपणा बाळगण्याचे या भागाला तरी काही कारण नाही.

हे केवळ सदिच्छेचे बोलणे नव्हे, हे पटविण्यास दोन दाखले पुरेत, आणि दोन्ही जुन्नरच्या आसपासचे आहेत. शेजारच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला आणि तेथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय माध्यमिक शाळांत नेला. शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, कारखानी काम आणि गृह-आरोग्य हे त्याचे विभाग. आणि तो शिकविण्यासाठी गावातीलच हुन्नरी माणसे निदेशक म्हणून घ्यावीत, हे त्याचे मर्म. पदवी नसलेल्या कारागिराला वर्गात उभे करणे हे खात्याच्या नियमांत सहज बसणारे नव्हते. कालबागांनी ते करून दाखविले. दुसरा दाखला डोंगरापलीकडच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचा. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी बाईंनी वाल-घेवड्यासह अनेक पिकांचे गावरान बियाणे जपले, बाएफ या संस्थेच्या साहाय्याने बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. राहीबाई सर्वत्र असणार नाहीत हे खरे; पण गाडग्यात वालाचे चार वाण जपून ठेवणारी एखादी म्हातारी बहुतेक गावांत असते, आणि तिला शाळेत कोणी कधी बोलावलेले नसते.

सरकारी बाजूही थोडक्यात सांगितली पाहिजे. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१९ साली शाळांतील पोषणबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि माध्यान्ह भोजनात बागेतील ताजी भाजी पडावी असा त्यांचा रोख आहे. परसबागेसाठी आपल्या राज्यातही उत्तेजन दिले जाते. हे सारे स्वागतार्ह असले तरी बागेकडून शाळेचा सगळा भाजीपाला निघेल अशी जी समजूत करून दिली जाते, ती एकदा अंकगणिताच्या तराजूत घालून पाहावी. प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. साठ मुलांच्या शाळेला रोज ३ किलो, आणि कायद्याने किमान म्हटलेल्या २०० दिवसांना ६०० किलो भाजी लागेल. एक गुंठा जागा घेतली, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, आणि मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचावा म्हणून वाफे तीन फुटांहून रुंद न ठेवता मधून पायवाटा सोडल्या, तर प्रत्यक्ष पिकाखाली सहाशे चौरस फुटांच्या आसपास जमीन राहते. पावसाळी व हिवाळी असे दोन्ही हंगाम उत्तम साधले तरी तीतून दीड-दोनशे किलोंपलीकडे जाणे कठीण. म्हणजे गरजेची चौथाई, फार तर तिहाई. हा हिशेब चौथीच्या मुलांकडूनच करून घ्यावा. परिमिती, क्षेत्रफळ आणि त्रैराशिक यांचा याहून जिवंत धडा सापडणार नाही, आणि वडिलांच्या टोमॅटोच्या एकरामागे किती हिशेब दडलेला असतो याचाही अंदाज त्यांना येईल. कुंपणालगत शेवग्याची दोन झाडे, एक कढीपत्ता, आणि हात-ताटे धुतलेल्या पाण्यावर आळू व केळी लावली, तर या चौथाईत वर्षभराची थोडी भर पडते.

उत्पन्न थोडे असले तरी ते पातेल्यातच गेले पाहिजे, याबाबत तडजोड नसावी. बागेतली भाजी पाहुण्या अधिकाऱ्याला जुडी बांधून देण्याची प्रथा जेथे पडते तेथे मुलांचे मन बागेतून उठते. घरी पालेभाजी पाहून नाक मुरडणारे मूल स्वतः पाणी घातलेल्या वाफ्यातली मेथी खिचडीत ओळखून मुकाट्याने खाते, असे सांगणारे शिक्षक व स्वयंपाकी-मदतनीस ताई ठिकठिकाणी भेटतात.

खरी अडचण जमिनीची वा पाण्याची नसून पंचांगाची आहे. शाळा जूनच्या मध्यावर पावसाबरोबर उघडते, हा योग उत्तमच. आषाढात पेरलेली भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडणीला येते. पण दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा दोडका, गवार, वाल ऐन बहरात असतात, आणि दोन-तीन आठवडे तोडणी झाली नाही की भेंडीचे लाकूड होते. येथे पालकांची गरज कोणत्याही व्याख्यानाहून अधिक आहे. सुट्टीतले दिवस घरवार वाटून घ्यावेत. ज्या दिवशी ज्याची पाळी त्याने पाणी द्यावे आणि त्या दिवसाची भाजी घरी न्यावी, असा साधा करार पुरतो. मेच्या सुट्टीत बाग जगविण्याचा हट्ट मात्र धरू नये. जाणता शेतकरीही वैशाखात रान नांगरून तापू देतो. शाळेनेही वाफे उकरून उन्हाला उघडे टाकावेत, झाडांना तेवढे पाणी घालावे, आणि पहिल्या पावसावर नव्याने सुरुवात करावी.

या पाळ्या मोठ्या माणसांच्या आणि भर दिवसाच्या असाव्यात, हे या तालुक्यात वेगळे सांगण्याचे कारण आहे. उसाच्या आश्रयाने बिबट्या गावाच्या उंबऱ्याशी आलेला आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले ते उगाच नव्हे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्यादुकट्या मुलाला पाणी घालण्यास पाठवू नये, आणि शाळेच्या भिंतीला लागून मका वा ऊस यांची उंच दाटी करू नये.

याहूनही कडक ताकीद औषधांबाबत द्यावी लागेल. मावा पडला असे कळताच एखादा उत्साही बाप आपला फवारणीचा पंप खांद्यावर घेऊन शाळेत हजर होईल. त्याचा हेतू चांगला असला तरी त्याला फाटकातूनच परत पाठवावे. बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत १६ जुलै २०१३ रोजी माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन तेवीस बालके दगावली. कीटकनाशक आणि स्वयंपाकाचे तेल यांची कोठे तरी गाठ पडली, एवढेच त्यास पुरले. शाळेच्या आवारात औषधाची बाटली, रिकामीसुद्धा, येता कामा नये. पिवळे चिकट सापळे, कडेने झेंडू, आणि फार झाले तर लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा अर्क, एवढ्यावर भागवावे. आणि तरीही कीड राहिली तर भिंगाखाली तिचे निरीक्षण करावे, कारण बाग शिकण्यासाठी आहे.

शेवटची अट शिस्तीची. उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणून खणायला लावणे, किंवा विशिष्ट घरांतल्या मुलांच्याच वाट्याला शेणाचे घमेले येणे, असे जेथे होत असेल तेथे बाग नसलेलीच बरी. पाळीपत्रक भिंतीवर लावावे, त्यात सर्वांची नावे असावीत, सरपंचांच्या नातवाचे आणि मुलींइतकेच मुलग्यांचेही. आणि वेळापत्रकात बागेला आठवड्यातून दोन तासिका नोंदवून द्याव्यात, म्हणजे ती कोणाच्या खेळाच्या वेळेवर घाला घालणार नाही.

या सर्वाला अनुदानाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. बियाणे घरोघरी आहे, शेणखत आहे, खुरपी-कुदळी आहेत. विकत घ्यावे लागते ते शेळ्या अडविणारे कुंपण, आणि तेही चार जणांनी अंगमेहनत दिली तर निम्म्या खर्चात होते. पिंपळवंडी असो वा आंबेगावच्या डोंगरकुशीतली एखादी वाडी, ज्या शाळेला पुढच्या जूनमध्ये बाग हवी आहे तिच्या व्यवस्थापन समितीने हा विषय एप्रिलच्या बैठकीत घ्यावा, जागा आखून वाफे मेमध्ये उकरून ठेवावेत, कोणत्या आईने कोणते बी द्यायचे आणि ते मुलांना कोणत्या दिवशी येऊन शिकवायचे हे इतिवृत्तात नावानिशी लिहावे, आणि त्याखाली सही करण्याआधी ते सर्वांना वाचून दाखवावे.